बायोफीडबॅक नीट कसं करायचं: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

"महिनाभर केलं, काही फरक पडला नाही." बायोफीडबॅकबद्दल हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पहिल्या दिवशी काय केलंत? उत्तरही बहुधा ठरलेलंच असतं. सेन्सर लावला, अ‍ॅप उघडलं आणि आकडा सुधारायला बसलो. म्हणजे आधीच्या पाच पायऱ्या गाळल्या आणि सहावी उलटी केली.

कल्पना साधी आहे. ताण आला की स्नायू आखडतात, बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं, तळहाताला घाम सुटतो, श्वास उथळ होतो. एरवी हे आपल्या लक्षातही येत नाही. बायोफीडबॅकमध्ये यातला एखादा संकेत सेन्सरने मोजून त्याच क्षणी पडद्यावर किंवा आवाजातून दाखवतात आणि तो बघत बघत आपण तो बदलायला शिकतो. यंत्र स्वतः काही बरं करत नाही. आरसा केस विंचरून देत नाही, तसंच. ‘शरीरात लहरी सोडून आजार घालवतो’ किंवा ‘दहा मिनिटांत सगळे आजार ओळखतो’ असं सांगून कोणी यंत्र दाखवत असेल, तर त्याच्या नावात क्वांटम असो की आणखी काही, ते बायोफीडबॅक नाही. तिथून उठा.

## १. आधी निदान, मग यंत्र

डोकेदुखी आहे, धडधड होते, झोप लागत नाही, म्हणून थेट सेन्सर विकत घेऊ नका. आधी डॉक्टरांकडून कारण तपासून घ्या. अचानक सुरू झालेली जोराची डोकेदुखी, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं यांवर श्वासाचा सराव करत बसणं धोक्याचं आहे.

उपयोगाचा पुरावाही सगळीकडे सारखा नाही. मायग्रेन, ताणामुळे होणारी डोकेदुखी, बायकांमध्ये लघवीवर ताबा न राहणं आणि शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले गेल्यामुळे होणारी बद्धकोष्ठता, इथे बायोफीडबॅकची बाजू भक्कम आहे. चिंता आणि जुनाट दुखण्यात तो बाकीच्या उपचारांच्या जोडीने चांगला चालतो. रक्तदाबावर परिणाम होतो, पण थोडा. गोळीच्या जागी तो बसत नाही. मुलांच्या एकाग्रतेसाठी मेंदूच्या लहरींवर जे न्यूरोफीडबॅक करतात त्याबद्दल तज्ज्ञांमध्ये वाद आहे. खरा उपचार चालू आहे की नुसता देखावा, हे मुलांना, पालकांना आणि शिक्षकांना कळणार नाही अशी सोय केली की त्यातला बराचसा फायदा ओसरतो. पैसे भरण्याआधी हे माहीत असावं.

सावधान: इन्सुलिन किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. शरीर सैलावू लागलं की औषधाची गरज कमी होऊ शकते, मग साखर किंवा दाब नको इतका उतरतो. मोजणी वाढवा, पण डोस स्वतःच्या मनाने बदलू नका. मूत्रपिंडाच्या गंभीर आजारासारख्या काही आजारांत श्वास जलद झालेला असतो, कारण शरीर रक्तातलं वाढलेलं आम्ल तसं सांभाळत असतं. तो मुद्दाम सावकाश करायचा नाही. भ्रम होणं, वास्तवाशी संबंध तुटल्यासारखं वाटणं किंवा जुन्या आघाताच्या आठवणी उसळून येणं असं काही असेल, तर एकट्याने सराव नको.

## २. त्रास पाहून संकेत निवडा

‘सगळ्यात चांगलं यंत्र कोणतं?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. तुमचा ताण शरीरात कुठे बसतो, यावर संकेत ठरतो.

स्नायूंचा ताण, म्हणजे ईएमजी. त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूतली विद्युत हालचाल मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. कपाळ, जबडा, मान, खांदे इथे आखडणाऱ्यांसाठी हा सर्वांत थेट संकेत. दात खाणाऱ्या माणसाला आपला जबडा दिवसभर आवळलेला असतो हे सांगून पटत नाही. आलेखावर दिसलं की पटतं.

बोटाचं तापमान. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी लेखलेला संकेत. मायग्रेनच्या आणि थंड पडणाऱ्या हातांच्या रुग्णांना उपयोगी.

हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार, म्हणजे एचआरव्ही. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. हा चढउतार वाढवायला शिकायचं असतं. चिंता आणि धडधड असणारे बहुतेक लोक इथून सुरुवात करतात. पेसमेकर असेल किंवा हृदयाची लय मुळातच अनियमित असेल, तर हे रीडिंग निरर्थक ठरतं. बीटा ब्लॉकर गटातली, म्हणजे ठोके मंद करणारी, गोळी चालू असेल तर नोंदीत तसं लिहा.

त्वचेची वाहकता. तळहाताच्या घामावर चालते, मायक्रोसीमेन्समध्ये मोजतात. मनात आलेल्या विचाराचा पडसाद इथे साधारण १ ते ३ सेकंदांनी उमटतो. त्यामुळे आलेख उडाला की ‘आत्ता’ काय चाललंय यापेक्षा दोन सेकंदांपूर्वी मनात काय आलं होतं ते आठवायचं.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं प्रशिक्षण प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडूनच घ्या. व्हिडिओ पाहून शिकायचं हे काम नाही.

तपासा: तुम्ही एकच संकेत निवडलाय ना? चार सेन्सर एकदम लावून चार आलेखांकडे बघणारा माणूस काहीच शिकत नाही.

## ३. दोन आठवडे फक्त वही

या दोन आठवड्यांत सराव करायचा नाही. रोज त्रासाची वेळ, तीव्रता ० ते १० मध्ये, किती वेळ टिकला, कोणतं औषध घेतलं, झोप किती झाली, एवढंच लिहायचं. लोक ही पायरी कंटाळून सोडतात आणि मग दोन महिन्यांनी फरक पडला की नाही हे आठवणीवर ठरवतात. आठवणीत कालची डोकेदुखी मोठी असते आणि सहा आठवड्यांपूर्वीच्या चार बारीक होऊन जातात.

## ४. जागा, शरीर आणि सेन्सर

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणून जरा सविस्तर.

खोलीचं तापमान साधारण २२ ते २४ अंश सेल्सिअस आणि रोज तेवढंच. पंख्याचा किंवा एसीचा झोत हातावर नको. बाहेरून आल्यावर किमान १० ते १५ मिनिटं नुसतं बसा. चहा-कॉफी, सिगारेट, जोराचा व्यायाम यांनंतर लगेच बसू नका; निकोटिनने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तुम्ही तुमच्या ताणाऐवजी सिगारेट मोजत बसता. पोट भरलेलं नको, लघवी तुंबलेली नको. पाठीला आणि हातांना टेकू मिळेल अशी खुर्ची, तळवे जमिनीवर. आडवं पडू नका, झोप लागते. वेळ रोज एकच ठेवा, कारण सकाळ-संध्याकाळचे आकडे मुळातच वेगळे असतात.

आता सेन्सर. ईएमजीसाठी त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा. दोन मुख्य इलेक्ट्रोड स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने, साधारण २ सेंटिमीटर अंतरावर. आडवे लावले तर संकेत क्षीण येतो आणि माणूस उगाच खूश होतो. बोटात किंवा कानाच्या पाळीत अडकवायची नाडीची क्लिप घट्ट नको, सैलही नको. नेलपॉलिशमुळे प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरचा घोळ होऊ शकतो. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून चालणारी अ‍ॅप सुरुवातीला ठीक आहेत, पण बोट जरा हललं की ठोका चुकतो, आणि एक ठोका चुकीचा मोजला गेला तरी एचआरव्हीचा आकडा फुगतो. ‘आज माझा स्कोअर दुप्पट आला’ असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, खोकलात का?

तापमानाच्या सेन्सरचा माझाच किस्सा सांगतो. डोकेदुखीसाठी मी हे शिकत होतो तेव्हा पहिला आठवडा बोट रोज थंडच व्हायचं. २९.४ वरून २८.९, मग २८.५. मला वाटलं, माझ्या मज्जासंस्थेतच काही बिघाड आहे. शिकवणाऱ्या बाईंनी माझा हात पाहिला आणि हसल्या. सेन्सर निसटू नये म्हणून मी चिकटपट्टी बोटाभोवती दोन वेढे घट्ट गुंडाळली होती. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. रक्तच पोचत नव्हतं, तर ऊब कुठून येणार! पट्टी बोटाच्या लांबीत उभी लावायची, गोल गुंडाळायची नाही.

तपासा: सेन्सर लावल्यावर २ मिनिटं काहीही न करता आलेख बघा. मग हात हलवा, दात आवळा, एक मोठा श्वास घ्या. आलेख त्याप्रमाणे बदलला तरच पुढे जा. काहीच न करता तो उड्या मारत असेल, तर सेन्सर पुन्हा लावा.

## ५. पायारेषा आणि ताणाची चाचणी

सुधारायचं ते आधी किती आहे, हे मोजल्याशिवाय सराव सुरू करू नका.

आधी ५ मिनिटं डोळे उघडे ठेवून शांत बसा. शांत व्हायचा प्रयत्न नको, नुसतं बसा. मग ३ मिनिटं १००० मधून ७ वजा करत मोठ्याने मोजा: ९९३, ९८६, ९७९. कोणी समोर बसून चुका काढत असेल तर आणखी उत्तम. मग पुन्हा ५ मिनिटं नुसतं बसा.

आता तीन गोष्टी बघा. निवडलेला संकेत हलला का, किती हलला आणि मूळ जागी यायला किती वेळ लागला. माझ्या मते तिसरी सगळ्यात मोलाची. ताणात आकडा उडणं हे निरोगी शरीराचं लक्षण आहे. वजाबाकी संपून ५ मिनिटं झाली तरी खांदे वरच राहिले असतील, तर तुमचं काम तिथे आहे. ही चाचणी दोन वेगळ्या दिवशी करा आणि जास्त करून तेच निघालं तर संकेत पक्का करा.

सावधान: तुमचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहू नका. एचआरव्ही वयाप्रमाणे बदलते आणि माणसागणिक खूप वेगळी असते. ईएमजीचे मायक्रोव्होल्ट तर एकाच माणसाचे दोन यंत्रांवर वेगळे येतात, कारण नको ते संकेत गाळून टाकणारा प्रत्येक यंत्राचा फिल्टर वेगळा. तुलना फक्त स्वतःशी, त्याच यंत्रावर.

## ६. प्रत्यक्ष सराव

### श्वास आणि एचआरव्ही

‘खोल श्वास घ्या’ ही सूचना सगळीकडे मिळते आणि निम्मं नुकसान तीच करते. सूचना हवी ती अशी: सावकाश आणि हलका. मोठमोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि चिंतेच्या रुग्णाला वाटतं की झटका आला. असं झालं तर पडदा बाजूला ठेवून नेहमीसारखा श्वास घ्या. पुढच्या वेळी वेग तोच ठेवा, हवा कमी घ्या.

पहिला आठवडा फक्त ५ ते १० मिनिटं, मिनिटाला ६ श्वास: ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर. नाकाने घ्यायचा, नाकाने किंवा ओठांच्या फटीतून सोडायचा. खांदे वर जात असतील तर एक हात पोटावर ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात स्वतःचा वेग शोधा. मिनिटाला ६.५, ६, ५.५, ५ आणि ४.५ श्वास, प्रत्येक वेगाने २ ते ३ मिनिटं, मध्ये थोडी विश्रांती. ज्या वेगाला ठोक्यांचा चढउतार सगळ्यात मोठा आणि लाटेसारखा गुळगुळीत दिसतो, आणि जो तुम्हाला सोसतो, तो तुमचा. दोन वेगांत फरक दिसत नसेल तर सोपा वाटेल तो घ्या.

हे वेग कुठून आले? रक्तदाब चढला की ठोके सावकाश करायचे आणि उतरला की वाढवायचे, अशी एक यंत्रणा शरीरात आहे. तिचा एक फेरा साधारण १० सेकंदांचा असतो. श्वास त्या लयीत पडला की झोका नेमका परत फिरताना ढकलल्यासारखं होतं: जोर थोडा, झोका मोठा. चुकीच्या क्षणी ढकलला तर झोका उंच जात नाही, हात मात्र दुखतात.

पुढे रोज दोनदा २० मिनिटांपर्यंत न्या. ज्यांना तेवढं जमत नाही त्यांनी १० मिनिटं करा, पण रोज.

### बोटाचं तापमान

इथे नियम उलटा आहे. जितका जोर लावाल तितकं बोट गार. ‘गरम हो, गरम हो’ म्हणत आकड्याकडे डोळे वटारणं हाही ताणच, आणि ताणाने रक्तवाहिन्या आकसतात. हात जड झालेत, कोमट पाण्यात बुडालेत असं डोळ्यांपुढे आणायचं आणि आकड्याचा नाद सोडायचा. दर मिनिटाला एकदाच नजर टाका, कारण हा संकेत मंद असतो. माझ्या बोटाने पहिल्यांदा ३३ ओलांडले ते मी वैतागून ‘आज बंदच करतो’ असं ठरवून मागे टेकलो तेव्हा. चिकटपट्टी अर्थातच त्याआधीच सरळ झाली होती.

सुरुवात ३० च्या खाली असेल तर आधी अर्ध्या अंशाची वाढ पुरे. लक्ष्य साधारण ३३ ते ३५ अंश आणि तिथे १० मिनिटं टिकणं. सुरुवातच ३४ ला होत असेल तर वर जायला फारशी जागा नाही. दुसरा संकेत निवडा.

### स्नायू

लगेच सैल करायला जाऊ नका, आधी ओळखायला शिका. खांदा अगदी थोडा आवळा, आकडा बघा, सोडा. मग त्याच्या निम्मा, मग जेमतेम कळेल इतका. इतका बारीक ताण जाणवू लागला की सोडणं आपोआप येतं. यंत्रात उंबरठा, म्हणजे ज्याच्या खाली आलं की यंत्र ‘जमलं’ म्हणतं तो आकडा, लावायची सोय असेल तर तो असा ठेवा की १० पैकी ६ ते ७ वेळा तुम्ही यशस्वी व्हाल. सोपा केला तर शिकणं थांबतं, कठीण केला तर माणूस चिडतो आणि आकडा आणखी चढतो.

सावधान: डुलकी लागली तरी बरेचसे आलेख छान दिसतात. झोप सरावात मोजू नका. काहींना सैलावू लागताच उलट अस्वस्थ वाटतं; तसं झालं तर डोळे उघडा, वेळ २ मिनिटांवर आणा, आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर थेरपिस्टला सांगा.

## ७. पडदा झाका

बहुतेक लोक इथवर येतात आणि थांबतात. खुर्चीत, सेन्सर लावून, शांत खोलीत त्यांना सगळं जमतं. मीटिंगमध्ये काहीच जमत नाही.

साधारण चौथ्या आठवड्यापासून अशी विभागणी करा. ५ मिनिटं पडदा पाहून, १० मिनिटं पडदा झाकून, यंत्र मात्र चालू. शेवटी झाकण काढण्याआधी अंदाज वहीत लिहा: ‘३३.५ असेल.’ मग बघा. अंदाज आणि आकडा यांत अर्ध्या अंशाहून कमी फरक सलग ५ दिवस राहिला, तर तुम्हाला शरीर वाचता यायला लागलं. अंदाज चुकत असेल तर शरीरात काय जाणवत होतं ते लिहा: तळहात जड, जबडा सुटा, जीभ खाली टेकलेली. या खुणाच पुढे कामाला येतात, आकडा येत नाही.

मग उभं राहून करा. नंतर गोंगाटात, आणि शेवटी वजाबाकी करताना.

## ८. रोजच्या दिवसात

दिवसातले ५-६ प्रसंग ठरवा: फोन वाजला, संगणक सुरू केला, लिफ्टची वाट बघतोय. प्रत्येक वेळी एक मिनिट, यंत्राशिवाय. मायग्रेनवाल्यांनी वहीतून पूर्वखुणा शोधाव्यात, उदाहरणार्थ जांभया किंवा मान जड होणं, आणि त्या दिसताच सराव करावा. दुखणं शिगेला पोचल्यावर पहिल्यांदा आठवण झाली तर फारसं काही हाती लागत नाही.

## ९. थेरपिस्ट कसा निवडाल, थांबायचं कधी

सत्र बहुधा ३० ते ६० मिनिटांचं असतं; किती सत्रं लागतील हे त्रासावर अवलंबून असतं. पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारा. तुमचं मूळ प्रशिक्षण कशाचं? बायोफीडबॅकचं प्रमाणपत्र आहे का? (बायोफीडबॅक सर्टिफिकेशन इंटरनॅशनल अलायन्स ही संस्था असं प्रमाणपत्र देते.) आणि घरी काय करायला देणार? तिसऱ्याला ‘घरी काही नाही, इथेच या’ असं उत्तर आलं, तर दुसरीकडे बघा. औषधं बंद करायला सांगणाऱ्याकडे परत जाऊ नका.

८ ते १० आठवड्यांनी पहिल्या दोन आठवड्यांची वही आणि शेवटच्या दोन आठवड्यांची वही शेजारी ठेवा. त्रासाचे दिवस, तीव्रता, गोळ्या मोजा. पडद्यावरचा आकडा सुधारला पण वहीत काहीच हललं नाही, तर बहुधा संकेत चुकीचा निवडला गेलाय किंवा सातवी पायरी राहून गेलीय. पायरी नीट झाली असेल तर पाचव्या पायरीवरची चाचणी दुसऱ्या संकेतावर पुन्हा करा. तरीही वही तशीच राहिली तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा. तारीखवार नोंद पाहून त्यांना पुढचं ठरवणं सोपं जाईल.